गाळलेला धडा

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुम्हाला आशीर्वाद लिहायचे की नमस्कार, हे लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला ठरवता आलेलं नाही. वयाने मी मोठी, मानाने तुम्ही. तेव्हा दोन्ही घ्या.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते डबीत घालून ठेवलंय, असं तुमच्या दादांकडून कळलं. बरंच झालं म्हणायचं. पत्रात मला मध्येच कोणी तोडणार नाही.

बातमी अशी की मी स्पॅनिश शिकायला लागले आहे. आधी हसून घ्या, मग पुढचं वाचा. तुमचे दादा दोन दिवस हसत होते. म्हणे, "आता मला दोन भाषांत बोलणी खावी लागणार."

चिरंजीवांनी कळवलंय की वर्षअखेरीस ते आणि सूनबाई परदेशातून येणार आणि सोबत स्पॅनिशखेरीज काही न येणाऱ्या विहीणबाईंनाही आणणार. चांगल्या महिनाभर राहणार आहेत. लग्नात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो ते तुम्हाला आठवत असेल. हातात हात घेऊन गाल दुखेपर्यंत हसलो आणि एक शब्द बोललो नाही. तुम्हीच म्हणाला होतात, एकमेकींना टोमणा न मारलेल्या विहिणी पहिल्यांदाच बघितल्या! तेव्हा मीही हसले. पण वन्सं, माझा मुलगा रोज त्या बाईंच्या हातचं जेवतो. त्याला कामावरून यायला उशीर झाला तर त्या जाग्या राहतात. त्याच्या सदऱ्याची बटणं त्या लावतात. त्याबद्दल मी त्यांना आजवर साधं "तुमचे उपकार आहेत" म्हटलेलं नाही. म्हणणार तरी कसं? आता त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसणार आणि आम्ही पुन्हा नुसत्या हसणार? ते काही मला जमायचं नाही.

क्लासची चौकशी केली. फी ऐकली आणि आल्या पावली जिना उतरले. मग आपल्या वाचनालयातल्या बाईंना विचारलं. भली बाई आहे. आधी तिने सिनेमे दाखवले. पाचव्या मिनिटाला मी हात जोडले आणि म्हटलं, भाषा शिकायची म्हणून काय वाट्टेल ते बघायचं का? तेव्हा तिने मला एका निवृत्त मास्तरीणबाईंचे धडे काढून दिले. त्यांनी ते स्वतःच्या आवाजात नोंदवून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेत, धड्यांचे कागदही सोबत आहेत. शिवाय लहान मुलांची चित्रांची पुस्तकं दिली. त्यात ससा आहे, चंद्र आहे, भाकरी भाजणारी म्हातारी आहे. कोणी कोणाला मारत नाही, कोणी पीत नाही, कोणी पळून जात नाही. सकाळी देवापुढे दिवा लावला की तिथेच बसून घोकते. मॅट्रिकनंतर पहिल्यांदाच पाठांतर करतेय. जमाखर्चाच्या वहीत स्पॅनिशच्या खर्चाचं पान पाडलं, ते अजून कोरं आहे. माझ्या वहीतलं असं हे पहिलंच पान.

तब्येत सांभाळा. यंत्र डबीतून काढा, नाहीतर त्यालाच गंज चढेल.

तुमची वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

आशीर्वाद आणि नमस्कार दोन्ही पोचले. दोन्ही परत पाठवते आहे, माझ्या एवढ्याशा खोलीत ठेवायला जागा नाही.

हसले, पण थोडंच. तू एकदा मनावर घेतलंस की काय होतं ते मी बघितलंय. सायकल शिकलीस तेव्हा गल्लीतली मांजरंसुद्धा घर सोडून गेली होती.

दादाला सांग, दोन भाषांत ओरडा खायला नशीब लागतं. मला तर आता एकाही भाषेतला ऐकू येत नाही.

एकच सांगते, नर्सचा सल्ला समज. ससा आणि चंद्र ठीक आहे, पण माणसं सशाबद्दल फार बोलत नाहीत. मास्तरीणबाईंचे धडे क्रमाने कर. गाळू नकोस. तुला नको ते गाळायची सवय आहे. वर्तमानपत्रातसुद्धा तू निधनाच्या बातम्यांचं पान आधी काढून रद्दीत टाकतेस.

यंत्राचं बघते. म्हणजे नुसतंच बघते.

तुझी नणंद

३० मार्च

प्रिय वन्सं,

मी बोलले! विहीणबाईंशी, फोनवर, समोरासमोर म्हणावं इतकं!

चिरंजीवांनीच जुळवून दिलं. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे संध्याकाळ. ती दोघं त्या वेळी अजून कामावर असतात आणि विहीणबाई घरी एकट्या शिवणाच्या मशीनवर बसलेल्या असतात. शाळेचे गणवेश शिवतात त्या, तुम्हाला ठाऊकच आहे. फोन टेबलावर उघडा ठेवतात आणि शिवत शिवत बोलतात. त्यामुळे आमच्या बोलण्याला खाली सतत मशीनची खडखड असते, भजनाला टाळ असावा तशी. या फोनला पैसे पडत नाहीत, त्यामुळे जीव खाली-वर होत नाही.

पहिल्या दिवशी मी फक्त "बुएनोस दियास" म्हणजे शुभ सकाळ म्हटलं, तर तिकडे संध्याकाळ! त्या इतक्या हसल्या की मशीन थांबलं. आता आठवड्यातून दोनदा तरी बोलतो. मी सांगते आज भाजी काय केली, ऊन किती आहे, मांजर कुठे बसलंय. त्या सावकाश बोलतात, मला कळलं नाही तर तेच सोप्या शब्दांत फिरवून सांगतात. तरीही नाही कळलं तर मी म्हणते "मुई बिएन". म्हणजे फार छान. वन्सं, हा शब्द म्हणजे सोन्याचा आहे. कुठेही चालतो. तुमच्या दादांनीही तेवढा एक उचललाय. चहा दिला की म्हणतात मुई बिएन, आणि कपबशी तिथेच ठेवून उठतात.

आणि एक गंमत. त्यांच्या भाषेत विहिणीला शब्द आहे! "कोन्सुएग्रा". मी विहीणबाईंना तसं म्हटलं, तर त्या तीनचार वेळा मलाही तेच म्हणाल्या. मला भरून आलं. परक्या मुलखात आपल्या नात्याची खोली आधीच बांधून तयार ठेवलेली असावी, तसं वाटलं.

उपकाराचं मात्र अजून बोलले नाही. ते फोनवर नाही, इथे आल्या की समोर बसवून सांगायचं ठरवलंय. वाक्य तयार करून ठेवलंय.

धड्यांचं म्हणाल तर दहा झाले. एक दारूच्या दुकानातला होता तो सोडला, त्या बाईंना इथे मी काय दारू पाजणार आहे? आणि अकरावा सोडलाय. तो दवाखान्यातला. धड्यांत एक कुटुंब आहे, वडील, आई, मुलगी, म्हातारी आजी. दहा धडे मी त्यांच्या घरात राहिल्यासारखी राहिले. आता अकराव्यात मास्तरीणबाईंनी त्या चांगल्या धडधाकट वडिलांना आजारी पाडलंय. आणि मी काय रोज सकाळी देवापुढे बसून "दुखतं, ताप आहे, वाचणार नाही" असं घोकायचं? भरल्या घरात तोंडातून असं काढू नये. मी सरळ बाराव्यावर गेले. बारावा बागेतला आहे.

तुमची कोन्सुएग्रा नव्हे, वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

मला ठाऊकच होतं. गाळलास.

तुला चिडवायला नाही, खरं सांगायला लिहिते. वॉर्डात एकदा अशी एक बाई आली होती की तिची भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. ती बोलत होती, आम्ही मान डोलवत होतो, ती आणखी बोलत होती. शेवटी मोठ्या सिस्टरनी कुठून तरी एक वाक्य शोधून आणलं आणि कागदावर लिहून आम्हाला पाठ करायला लावलं. "कुठं दुखतंय?" तेवढंच. ते विचारल्यावर त्या बाईचा चेहरा जो बदलला तो मला अजून दिसतो. लोक परकी भाषा शिकताना आधी "तुमचं नाव काय" शिकतात. आम्ही नर्सबायका हे आधी शिकतो.

शब्द बोलल्याने आजार येत असता तर मी पस्तिशीतच गेले असते.

दादाला कपबशी उचलायला कोणत्या भाषेत सांगायचं ते शिकून घे.

तुझी नणंद

२ जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र दादांना वाचून दाखवलं. कपबशी अजून तिथेच आहे.

धड्याचा राग धरू नका. प्रत्येकाचं एक असतं. आमच्या घरात माझ्या सासूबाईंपासून, म्हणजे तुमच्याच आईपासून, फोनवर वाईट बोलायचं नाही असं आहे. चांगलं असेल तेच तारेवरून जावं, असं त्या म्हणायच्या. चिरंजीवालाही मी तेच वळण लावलं. परीक्षेत नापास झाला तेव्हासुद्धा वसतिगृहातून फोनवर म्हणाला, "आई, जेवण उत्तम आहे." घरी आल्यावर कळलं. पण तेवढे दिवस मी शांत झोपले ना?

विहीणबाईंशी बोलणं चालू आहे, मात्र आता थोडं कमी. मशीनची खडखड येत नाही. दुरुस्तीला दिलं असावं, फार जुनं आहे ते. त्यांचा आवाजही सौम्य झालाय, दोन शब्दांमध्ये थांबतात. माझ्यासाठीच सावकाश बोलत असणार. मला तर आता जास्तच कळतं. मी विचारलं, "वर्षअखेरीस येणार ना नक्की?" तर काय म्हणाल्या माहीत आहे? "सि दिओस किएरे." देवाची इच्छा असली तर! अगदी आपल्यासारखंच. मी टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, मुई बिएन, मुई बिएन! देवाची इच्छा असणारच.

त्यांच्यासाठी पुढची खोली रंगवून घ्यायची ठरवली आहे. दादा म्हणाले, "एरवी भिंतीला हात लावू देत नाहीस." म्हटलं, एरवी कोन्सुएग्रा येत नाही.

तुमची वहिनी

१० जुलै

प्रिय वन्सं,

तुमचं उत्तर नाही तरी लिहिते, कारण गंमत सांगायची आहे.

विहीणबाई सहलीला गेल्यात! काही दिवस फोन लागत नव्हता. काल लागला. म्हटलं, कुठे आहात? त्यांनी एक शब्द सांगितला, मला नाही कळला. मग त्यांनी नेहमीसारखं फिरवून सांगितलं, अगदी माझ्या चित्रांच्या पुस्तकातल्या शब्दांत. मोठं घर. पांढरं घर. खूप खाटा, खूप बायका. काही बायका सारख्याच रंगाच्या कपड्यांत. खिडकीत एक झाड. झाडावर पक्षी. मला सगळं कळलं, वन्सं! एकही शब्द सुटला नाही. मी म्हटलं, "काय सुंदर घर! मुई बिएन! आराम करा!" त्या म्हणाल्या, हो, आराम.

जन्मभर मशीनवर वाकलेली बाई. आता कुठे एखाद्या मंडळाबरोबर चार दिवस बाहेर पडल्या असतील. सारखे कपडे म्हणजे मंडळाचेच असणार. मला इतकं बरं वाटलं.

खोलीला फिकट पिवळा रंग दिलाय.

तुमची वहिनी

१७ जुलै

वहिनी,

अकरावा धडा कर. याच आठवड्यात. माझ्यासाठी म्हणून कर.

आणि मुलाला विचार, सासूबाई कशा आहेत म्हणून. नीट विचार.

तुझी नणंद

२९ जुलै

प्रिय वन्सं,

एवढं तुटक पत्र? कागद महाग झाला असेल तर मी माझे उलटे केलेले लिफाफे पाठवते, माझ्याकडे ढीग आहे.

तुमच्या शब्दाखातर चिरंजीवाला विचारलं. "तुझ्या सासूबाई कशा आहेत?" तर तो म्हणाला, "तू बोलतेस ना त्यांच्याशी?" म्हटलं, बोलते की, मजेत आहेत. तर तो म्हणाला, "आई, तू खरंच मोठी आहेस." आता एवढ्या मोठेपणाचं मी काय केलं? पण मुलगा कौतुक करत असताना मध्ये कशाला बोला.

धडा मात्र करणार नाही. रागावू नका. त्या येईपर्यंत घरात फक्त चांगलं बोलायचं असं मी मनाशी धरलंय.

परवा त्या पुन्हा बोलल्या, पांढऱ्या घरातूनच. सहल लांबलेली दिसते. आवाज इतका हळू की मी फोन कानात खुपसला होता. झोपण्यापूर्वी त्या देवाला जे म्हणतात ते त्यांनी मला शिकवलं. चारच ओळी आहेत. दिवस तू दिलास, रात्र तू सांभाळ, माझी माणसं जिथे असतील तिथे दिवा असू दे. एकेक शब्द तीन वेळा म्हणून घेतला माझ्याकडून, मास्तरीणबाईंसारखा. मग खूप वेळ एकट्याच बोलत होत्या. मधे माझ्या मुलाचं नाव आलं, त्यांच्या मुलीचं आलं, देव आला, "कोन्सुएग्रा" आलं. बाकी माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं खरं. पण त्या थांबल्या तेव्हा मी काय म्हणणार? म्हटलं, "मुई बिएन."

त्या म्हणाल्या, "ग्रासियास." उपकार आहेत, म्हणाल्या. मी म्हणायचं ते त्याच म्हणाल्या.

तुमची वहिनी

२० सप्टेंबर

वहिनी,

ऑगस्टमध्ये दोन पत्रं टाकली, तुझं एकही नाही. दादाला शेजाऱ्यांच्या फोनवरून ओरडून विचारलं, त्याने काय सांगितलं ते मला कळलं नाही. माझे कान गेलेत, माझ्यावर रागावून तू हात आखडू नकोस.

दोन ओळी लिही.

तुझी नणंद

३ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

रागावले नव्हते. लिहायला बसले की पहिलंच वाक्य सुचत नव्हतं.

विहीणबाई गेल्या. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात.

चिरंजीवाचा फोन आला. रडत नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "आई, संपलं." मी विचारलं, काय संपलं? तर तो म्हणाला, "म्हणजे? तुला माहीत होतं ना?"

वन्सं, त्यांना सगळ्यांना वाटत होतं की मला माहीत आहे. विहीणबाईंनी मे महिन्यातच त्या दोघांना बजावलं होतं, तुझ्या आईला मी स्वतः सांगणार, आम्ही दोघी बोलतो, तुम्ही मध्ये पडू नका. आणि मग एके दिवशी म्हणाल्या, सांगितलं. सुनेने विचारलं, काय म्हणाल्या त्या? तर म्हणाल्या, "मुई बिएन, म्हणाली."

मुलाला आधी नवल वाटलं. मग वाटलं, आई देवाचं माणूस, तिने देवावर सोपवलं असेल. आणि फोनवर वाईट बोलायचं नाही हे तर मीच शिकवलेलं. म्हणून त्यानेही विषय काढला नाही. मी "मजेत आहेत" म्हटलं तेव्हा त्याला वाटलं, आई धीर देतेय. म्हणून मोठी म्हणाला.

ते पांढरं घर. खाटा. सारखे कपडे. एवढं लहान मुलालाही कळेल असं त्या मला सांगत होत्या. दम लागत असताना शब्द शोधून, माझ्या पुस्तकातले, सशाच्या आणि चंद्राच्या पानावरचे शब्द उचलून सांगत होत्या. आणि मी म्हटलं, काय सुंदर घर.

त्यांना काय वाटलं असेल? मी दगड आहे असं, की मी मंद आहे असं? दोन्हीपैकी काहीही असलं तरी आता विचारायला तिकडे फोन उचलणारं कोणी नाही. त्या वेळेला मला अजून जाग येते, दिवा लावते, आणि हात फोनकडे जातो.

पिवळी खोली तशीच आहे. तुमचे दादा तिचं दार लोटून घेतात, मी उघडते.

तुमची वहिनी

१२ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र चार वेळा वाचलं. आता मी लिहिते ते तूही नीट वाच.

मला कळलं होतं. पांढरं घर वाचलं त्याच क्षणी कळलं. सारख्या कपड्यांतल्या बायकांपैकी एक मीच होते इतकी वर्षं, मला नाही कळणार? आधी तू लिहिलं होतंस मशीन थांबलं, दोन शब्दांत थांबतात, तेव्हाच शंका आली होती. मी सरळ लिहायला हवं होतं, "वहिनी, ते हॉस्पिटल आहे." लिहिलं नाही. कारण तू इतक्या आनंदाने रंग देत होतीस. आणि खोटं का बोलू, तुला अशुभ बोललेलं आवडत नाही म्हणून मी चाळीस वर्षं तुझ्यासमोर वॉर्डातलं काही बोलले नाही, तीच सवय नडली. "धडा कर" म्हणून माझं काम झालं असं मी मानलं. तू देवाच्या नावाने गप्प राहिलीस, मी तुझ्या नावाने.

पण एक ऐक. हे समजूत घालायला नाही, मी बघितलेलं आहे. जाणारी माणसं खरं बोलायला जागा शोधतात. घरच्यांशी बोलता येत नाही, कारण घरचे रडतात आणि मग त्यांनाच सांभाळत बसावं लागतं. म्हणून ती झाडूवाल्या बाईशी बोलतात, शेजारच्या खाटेवरच्या बेशुद्ध माणसाशी बोलतात, भिंतीशी बोलतात. तुझ्या विहीणबाईंना तुझी इयत्ता पक्की ठाऊक होती, त्यांनीच तर तुझे शब्द मोजून-मापून वापरले. शेवटच्या फोनवर त्या जे भरभरून बोलल्या ते तुला कळणार नाही हे त्यांना माहीत असणार. तरी बोलल्या. कदाचित म्हणूनच बोलल्या. रडणार नाही, मध्ये तोडणार नाही, "असं काय बोलता" म्हणणार नाही अशी एक बाई त्यांना मिळाली. उपकार आहेत म्हणाल्या ते उगाच नाही.

यंत्र डबीतून काढलंय. शिट्ट्या मारतं, पण कानात आहे. फोन कर.

तुझी नणंद

२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

फोन करणार आहे. पण हे पत्रातच लिहिते, नाहीतर तुमच्या शिट्ट्यांत हरवेल.

तुमचं बोलणं मी मनात पुष्कळ फिरवलं. खरं असेल. तुम्ही बघितलेलं आहे, मी नाही. आणि तुम्हाला बोल लावणार नाही, तुम्ही सरळ लिहिलं असतं तर मी ते पत्रही निधनाच्या पानासारखं रद्दीत घातलं असतं. पण वन्सं, भिंत म्हणून मी चांगली ठरले असेन, मला भिंत व्हायचं नव्हतं. भिंत तर मी लग्नात शेजारी बसले होते तेव्हाही होते. त्यासाठी मी सहा महिने घोकत नव्हते. त्यांना भिंतच हवी होती की कोन्सुएग्रा हवी होती, हे मला आता कोणीच सांगू शकणार नाही. त्यांनी मला शब्द फिरवून फिरवून दिले, म्हणजे कळावं अशीच इच्छा असणार, असं मला वाटतं. मग थकल्या असतील, आणि भिंतीवर भागवलं असेल.

गेल्या सोमवारी सकाळी दिवा लावला आणि तिथेच बसून अकरावा धडा उघडला. वडिलांच्या छातीत दुखतं. आजी विचारते, मुलगी विचारते, डॉक्टर विचारतो. पहिलंच वाक्य तुमचं निघालं. "दोंदे ते दुएले?" कुठं दुखतंय तुला? मोठ्याने म्हटलं. दिवा विझला नाही. वडील धड्याच्या शेवटी बरे होऊन घरी येतात, वन्सं. मी शेवटपर्यंत वाचलं असतं तर मार्चमध्येच कळलं असतं.

त्या धड्यात "सानातोरियो" हा शब्दही आहे, जो विहीणबाईंनी मला आधी सांगितला आणि मला कळला नव्हता. चित्रात मोठं पांढरं घर आहे.

मग काल सुनेला फोन केला. ती दोघं आता येत नाहीत या वर्षी. आजवर आमचं बोलणं म्हणजे ती मराठीत "नमस्कार, आई" म्हणणार, मी "बुएनोस दियास" म्हणणार, आणि मुलगा फोन घेणार. काल मी म्हटलं, त्याला देऊ नकोस. तिच्या आईने शिकवलेल्या चार ओळी आधी म्हटल्या. दिवस तू दिलास, रात्र तू सांभाळ. तिसऱ्या ओळीपासून ती माझ्याबरोबर म्हणायला लागली. चारही ओळी संपल्या. मला वाटलं, आता ती "बरी आहे" म्हणेल आणि मला ते मानावं लागेल. तेव्हा मी विचारलं.

"कुठं दुखतंय तुला?"

तिने तोच प्रश्न हळूच स्वतःशी म्हणून पाहिला. मग म्हणाली, "इथे."

फोनवर मला काय दिसणार इथे म्हणजे कुठे. पण मला कळलं. नंतर ती खूप बोलली, भरभर बोलली, माझ्या सोयीने सावकाश नाही. त्यातलं किती कळलं आणि किती सुटलं ते सांगता येणार नाही. सुटलं तिथे मी पुन्हा विचारलं. तिने फिरवून सांगितलं. पुन्हा विचारलं.

मुई बिएन म्हटलं नाही.

तुमची वहिनी